किती टिकेल ते सांगणारा

"अजून टिकतला."

कुठलीही वस्तू हातात आली की ती जरा वाकवायची, जरा दाबायची आणि मग हे सांगायचं, ही त्याची खोड. माझ्या छत्रीची काडी, होडीचा दोर, देवळातल्या घंटेची साखळी, कशाचीच सुटका नव्हती. एकदा आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवूनही त्यानं हेच सांगितलं. कुत्रा पुढं कितीतरी पावसाळे भुंकत राहिला, आणि वाडीत या पठ्ठ्याच्या शब्दाला भाव आला.

असा एखादा तुमच्याही गावात असेल. आमच्याचा मात्र तो धंदाच होता. मालवणात माझा बर्फाचा कारखाना. त्याची विधवा आई माझ्याकडचा बर्फ घेऊन बाजारात मासळी विकायची आणि तिचा हा एकुलता झील परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत सिलिकॉनच्या पातळ चकत्या तपासायचा. तिथं एक प्रचंड यंत्र उभं राहत होतं. त्यात जिथं कणांची टक्कर होते, तिथं अगदी जवळ या चकत्या बसवतात. कण आरपार जातात, चकती त्यांची खबर देते. पण जाता जाता ते तिच्यातले अणू जागेवरून उडवतात आणि ती हळूहळू निकामी होते. आत शिरून ती बदलणं सोपं नसतं. म्हणून वर्षानुवर्षांचा मारा तिच्यावर आधीच थोडक्यात करायचा, मोजमापं घ्यायची आणि किती टिकेल ते सांगायचं. मारा खाल्लेली चकती उबेत राहिली तर आतली मोडतोड वाढतच जाते, म्हणून ती थंडगार ठेवायची.

एकदा घरी आला असताना त्यानं हे सांगितलं, तेव्हा म्हातारी खूश झाली. "म्हणजे माझोच धंदो मरे! बर्फ घाल आणि वास येवच्या आदी इकून टाक."

मग जरा विचार करून म्हणाली, "पण मरतलीच, तर ती करतंस कित्याक?"

"आये, मरतली ती. पण हळू मरूक व्हयी. आपला काम करीत."

"तां खरा," म्हातारी म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला गेली.

पुढं तिच्या पोटात गाठ निघाली. गोव्याच्या डॉक्टरांनी कापण्यात अर्थ नाही म्हणून सांगितलं. तो धावत आला, राहिला, पण बऱ्याच खटपटीनंतर त्याच्या चकत्यांना माऱ्याची पाळी मिळाली होती. "ह्यां आटपून येतंय," म्हणून गेला. मागं म्हातारीची देखभाल तिची जाऊ करायची.

घरी फोन नव्हता. दर रविवारी तो माझ्या कारखान्यात फोन करी. म्हातारी जावेच्या खांद्यावर हात टाकून यायची आणि मधला समुद्र आपल्या आवाजानंच ओलांडायचा असल्यासारखी ओरडायची.

"आये, काय खाल्लंस?"

"दोन भाकऱ्यो. आणि बांगड्याचा तिखला."

"झोप?"

"घोरतंय. विचार काकीक!"

मग तो मला बोलवायचा. "रे, भूक आसा, झोप आसा, चालता. अजून टिकतली. मे म्हयन्यात येतंय." त्याच्या आवाजात सुटकेचा श्वास असायचा. मलाही बरं वाटायचं. म्हातारी वाळली होती खरी, पण दोन भाकऱ्या खाणारं माणूस एवढ्यात कुठं जातं?

ती शिमग्याच्या आधीच गेली.

मुलगा लांबून यायचा असला की आमच्याकडे मयत बर्फावर ठेवतात. लाद्या मीच नेल्या. तिला भुश्यावर, लाद्यांमध्ये निजवताना मला रडू आवरेना. आयुष्यभर तिनं माझ्याशी बर्फावरून भांडण केलं होतं.

तो दुसऱ्या दिवशी पोचला. बॅग खांद्यावरच होती. खाली बसला आणि त्यानं आईचं मनगट धरलं. ते त्याच्या दोन बोटांत मावलं. तो बघतच राहिला.

"काकी, ही इतकी बारीक कशी? दोन भाकऱ्यो खाय होती मा?"

जाऊ पदरात तोंड घालून रडत म्हणाली, "खंय रे खातली? पेजेचो निवळ पण पोटात रवत नाय होतो. माका म्हणा होती, तू गप रव. तेका आकडे व्हये असतत, ते मी दितंय."

त्यानं मनगट हळूच खाली ठेवलं. अग्नी दिला, दिवस केले आणि परत गेला. घराला लावलेलं कुलूप अजून तसंच आहे. खूप वर्षांनी ते यंत्र सुरू झाल्याचं पेपरात आलं तेव्हा मी बातमी दोनदा वाचली. त्याच्या चकत्या आत असणार. तो मात्र गावात परत आला नाही.

फोन एकदाच आला, तो परत गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, नेहमीच्या वेळेला. मी उचलला.

मग त्यानं विचारलं, "रे, आज काय खाल्लंस?"

सकाळपासून माझ्या पोटात चहाखेरीज काही गेलं नव्हतं. मी तेवढंच सांगितलं.