गॅलरीवरचं कापड

यंदाच्या आषाढात मी शिडीवर चढून गाडीच्या टपावरचं कापड बदललं, तेव्हा समोरच्या बांधकामावरचे मजूर हातातलं काम टाकून बघत उभे होते. बावन्न वर्षांची बाई, पदर खोचलेला, तोंडात स्क्रू धरलेले. बघा म्हटलं, मेल्यांनो, पोटभर बघा. मला त्या दिवशी एवढंच कळत होतं की संध्याकाळच्या आत बाबाच्या अंथरुणावर पडणारं पाणी थांबलं पाहिजे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, छातीत पुन्हा गारठा भरला तर या वेळी तो परत यायचा नाही.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. तो सिनेमावाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅन चालवायचा. नटनट्या शूटिंगच्या मधल्या वेळात ज्यात बसतात, त्या खोलीएवढ्या गाड्या. त्यातली एक मोडीत निघाली ती याने घेतली, आतले बल्ब लावलेले आरसे उपटून काढले आणि चाकांवरचं घर बनवलं. लग्न केलं नाही, संसार मांडला तो त्या पत्र्याशी. बाबाला घेऊन कन्याकुमारीपर्यंत जायचं, असं कायम घोकायचा. गाडी उलव्याच्या पुढे कधी गेली नाही.

आमचं गाव विमानतळात गेलं. उलव्याला बदल्यात भूखंड मिळाला, त्यावर उभी राहणार असलेली इमारत खड्ड्याच्या पुढे सरकली नाही, म्हणून भावाने त्या खड्ड्याशेजारी गाडी लावली आणि बाबाला तिच्यात ठेवलं. मी नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहते. मी बाबाला नेलं नव्हतं असं नाही. आठ दिवस तो पायात चपला घालून दाराशी बसून राहिला. "मना खाली ने," एवढंच म्हणायचा. नवव्या दिवशी माझंच डोकं फिरलं आणि मी त्याला परत उलव्याला आणून सोडलं.

त्या गाडीला एका बाजूला खण आहे. गाडी उभी असली की बटण दाबायचं, तो भिंतीसकट दोन-अडीच फूट बाहेर सरकतो आणि आत जागा होते. भाऊ त्याला गॅलरी म्हणायचा. गॅलरीच्या डोक्यावर पाणी साठू नये, पाला पडू नये म्हणून वर एक कापड असतं. ते नळीवर गुंडाळलेलं, नळीत स्प्रिंग. गॅलरी बाहेर आली की कापड उलगडतं, आत गेली की आपोआप गुंडाळलं जातं. बाबाची खाट त्या गॅलरीत, कारण तिथे तीन बाजूंनी वारा.

शिवाय भावाने त्याच्यासाठी तिथे एक लाड केला होता. बाबाची उमर मिठागरात गेली. ढग दिसला की मीठ वाचवायला धावायचं, त्यामुळे आभाळ दिसलं नाही तर त्याला चैन पडत नाही. भावाने खाटेच्या बरोबर वर, टपाला मधोमध, ताटाएवढी चौकोनी भोकवजा खिडकी कापली आणि तिला पारदर्शक तुकडा बसवला. आतून सरकतं झाकण. वरच्या कापडालाही त्याच जागी जाड पारदर्शक प्लॅस्टिक शिवून घेतलं. बाबा उताणा पडून आभाळ बघायचा आणि फोनवर मला सांगायचा, दोन वाजता सर येईल, कपडे काढ. मी पनवेलात, तो उलव्यात, तरी त्याचं खरं ठरायचं.

गेल्या श्रावणात पळस्प्याच्या पुढे भावाची मोटारसायकल घसरली. पाऊस कोसळत होता. तो रस्त्याच्या कडेला किती वेळ पडून होता, ते मला नीट कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बाबा तेव्हा दवाखान्यात होता, नाकात नळी. डॉक्टर म्हणाले, आत्ता धक्का नको. मी म्हटलं, ठीक, बरा होऊन येऊ दे, मग सांगू. तो बरा होऊन आला आणि माझी जीभ उचलली नाही. मग सांगितलं की तो राजस्थानला गेलाय, लांबलचक शूटिंग आहे, तिथे रेंज नसते. गावच्या माणसांना हात जोडून सांगितलं, कुणी शब्द काढायचा नाही. एरवी एक गोष्ट पोटात न राहणारी आमची माणसं, पण अख्ख्या गावाने तोंड शिवून घेतलं. मी रोज संध्याकाळी पनवेलहून बाबाकडे जायचे, तो रोज विचारायचा, "फोन आयला का त्याचा?" आणि मी रोज म्हणायचे, "आला होता, तू झोपला होतास." अकरा महिने. खोटं बोलून बोलून मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं, हे खरं सांगते.

भावाच्या मित्रांनी नाक्यावर त्याचा फ्लेक्स लावला होता. हात जोडलेला फोटो, भोवती हार, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. तेरा दिवसांनी उतरवला आणि घडी करून माझ्या हातात आणून दिला. आता त्याचं करायचं काय? आमच्याकडे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स काय, कुणी गवतावर घालतं, कुणी स्कूटरवर, कुणी पत्र्याच्या भोकावर. पण हा कशावर घालणार? कचऱ्यात टाकवत नव्हता, जाळला तर प्लॅस्टिकची घाण सुटणार. मी तो पलंगाच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवला होता.

आषाढात कापड फाटलं. आधी ते पारदर्शक प्लॅस्टिक चिरलं, मग चीर दोन्हीकडे पळाली. झरोक्याच्या कडेने पाणी आत यायला लागलं. बाबाची खाट तिथून हलवायची तर गाडीत दुसरीकडे जागा नाही, गॅलरी आत घ्यायची तर खाटच आवळली जाते. ताडपत्री टाकली. ती वाऱ्याने दोनदा उडाली, तिसऱ्यांदा तिच्यात एवढं पाणी तुंबलं की सगळं एकदम बाबाच्या उशीवर. त्या दुपारपासून तो खोकायला लागला.

पनवेलात गाड्यांच्या सीट शिवणारे एक चाचा आहेत, भावाची सगळी शिवणकामं त्यांनीच केलेली. मी फाटक्या कापडाचा तुकडा आणि माप घेऊन त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "बाजी, हा माल मुंबईहून मागवावा लागतो. आठ-दहा दिवस लागतील, इन्शाल्ला."

"आठ दिवसांत बाबा संपेल, चाचा," मी ओरडलेच.

घरी येऊन पेटी उपसली. फ्लेक्स दहा फूट बाय चार. पसरून कापडाच्या मापाशी ताडून बघितला तर बोटभर इकडेतिकडे नाही. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. आणि मग उठून तो फ्लेक्स घेऊन पुन्हा दुकानात गेले.

चाचांनी घडी उलगडली आणि मशीनवरचा हात काढून घेतला. "हे मय्यतीचं आहे, बाजी. तुमच्या भावाचं."

"मला माहितीय कुणाचं आहे ते. शिवणार की दुसऱ्याकडे जाऊ?"

त्यांनी दोन्ही कडांना दोरी घालून दुमड शिवून दिली, नळीच्या खाचेत सरकावण्यासाठी. आणि शुक्रवारची नमाज उरकून शिडी घेऊन स्वतः उलव्याला आले. मी एकटी ती नळी पेलू शकले नसते.

काम तसं फार अवघड नाही. गॅलरी बाहेर काढायची, नळीच्या टोकाला खिळा घालून स्प्रिंग अडकवायची, मग नळी उतरवायची. मी आधी स्क्रू सोडले आणि मग मला खिळ्याची आठवण झाली. स्प्रिंग अशी सणकन फिरली की माझी दोन बोटं सोलून निघाली. मी अशी काही शिवी हासडली की चाचांनी मान फिरवली.

आतून बाबाचा आवाज आला, "काय झाला गो?"

"काही नाही, बाबा, हात लागला."

"आधी खिला घालायचा. तो तसाच करं."

नळी खाली घेतली तर तिच्या टोकाशी मार्करने लिहिलेलं होतं: नऊ फेरे, उजवीकडे. भावाचं अक्षर. माझ्या बोटाने ते पुसलं जाऊ नये, याची काळजी घेत धरून बसले. चाचा साबणाचं पाणी लावून जुनं कापड खाचेतून ओढत राहिले. नवीन सरकवायच्या वेळी त्यांनी विचारलं, "फोटो वर?"

"नाही. खाली."

"खाली टप आहे. वर ठेवा, बाजी. आभाळाकडे तोंड बरं."

"वर पाऊस पडेल. कावळे बसतील. एकदा पडून होता तो पावसात, तेवढं पुरे झालं. माझ्या भावाच्या तोंडावर मी पाऊस पडू देणार नाही." माझा आवाज चढला होता, म्हणून मी पटकन खिडकीकडे बघितलं. बाबा खोकत होता. त्याला ऐकू गेलं नसावं, असं मी ठरवून टाकलं.

झरोका माझ्या डोक्यात होता, नाही असं नाही. फोटो बरोबर त्याच्यावर येत होता. मी आत जाऊन झाकण गच्च ओढून घेतलं आणि बाबाला सांगितलं, "आठ दिवस आभाळ नाही. चांगलं कापड आलं की मग उघडू." बाबाचा हात खांद्याच्या वर जात नाही. तो उघडणार कसा? ही माझी अक्कल.

नळी वर बसवून स्प्रिंगला नऊ फेरे मोजून दिले. त्याच दुपारी मोठी सर आली आणि मी आत बसून टपाकडे बघत राहिले. थेंब नाही! मी लहान पोरीसारखी टाळी वाजवली. बाबा हसला. चार दिवसांत खोकला उतरला, छातीतली घरघर कमी झाली, पेज दोनदा मागून घेतली.

आणि आणखी एक झालं. त्याने फोनचं विचारणं सोडलं. पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही, दुसऱ्या दिवशी आलं. म्हातारपण, विसरायला लागला, म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. घरी जाताना बसमध्ये मी चक्क झोप काढली.

दहाव्या दिवशी चाचांचा फोन आला, कापड आलंय. मी एरवी संध्याकाळी जाते, त्या दिवशी भर दुपारी गेले, माप पुन्हा घ्यावं म्हणून. विमान उतरत होतं, त्या आवाजात बाबाला माझी पावलं ऐकू गेली नाहीत. मी दारात उभी राहिले. त्याची काठी पोटावर आडवी होती. तिच्या वाकड्या मुठीने त्याने झाकण सरकवलं होतं. बाबा उताणा पडून वर बघत होता. त्याच्या तोंडापासून दोन हातांवर, काचेसारख्या स्वच्छ तुकड्यापलीकडे, माझा भाऊ हात जोडून हसत होता, आणि खाली हाराचा पिवळा पट्टा.

माझ्या हातातली टेप खाली पडली. बाबाने मान वळवली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू लावलास त्याच दिसापासना."

दहा दिवस. दहा दिवस हा माणूस माझ्यासमोर पेज प्यायला, मी टाळी वाजवली तेव्हा हसला, आणि मी येते ती चाहूल लागली की काठीने झाकण लावून घेत होता. मी त्याच्या पायाशी बसले. माफ कर, डॉक्टर म्हणाले होते, तू दवाखान्यात होतास, असलं काहीबाही बरळत राहिले. तो थांबला, माझं संपेपर्यंत.

"आग कोनी दिली?"

"मी, बाबा. मीच दिली."

"तोंड बघितलास त्याचा?"

"हो."

बाहेर कुणीतरी सळया कापत होतं. माझी सोललेली बोटं त्याने चाचपली, तिथली खपली निघाली होती.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "चांगलं कापड आलंय. उद्या चाचांना घेऊन येते, हे काढून टाकते."

तेव्हा मात्र त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता. तो राग मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि मला तो कबूल आहे.

"मना बघाला नाय दिलास," तो म्हणाला. "आता तरी काढू नको."