तिसरी तार किंचित चढी

चष्मेवाल्यांच्या घरी पाहुण्याला आधी गप्प बसवत आणि मग पाणी विचारत. कारण पाहुणा दारात यायला आणि चष्मेवाल्यांनी गिटारवर एकच सूर छेडायला नेमकी गाठ पडे. सूर छेडला, की तो पुरता विझेपर्यंत घरात कोणी ब्र काढायचा नाही. फ्रिजसुद्धा बंद करत, घरघर नको म्हणून. "ऐका, अजून आहे," चष्मेवाले बोट वर करून म्हणत. पाहुण्याला काहीएक ऐकू येत नसे, पण यजमानांचा चेहरा बघून तो बिचारा मान डोलवी. "पितळ आहे पितळ! आजकालच्या ब्रिजांमध्ये हा दम नाही."

ब्रिज म्हणजे गिटारच्या पोटावरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. नव्या गिटारींत सहा तारांना सहा वेगळे टेके असतात. ज्याचा त्याचा टेका मागेपुढे करावा आणि तार सुरात आणावी. चष्मेवाल्यांची गिटार जुन्या घडणीची. तिला तीनच पितळी नळ्या, आणि एकेका नळीवर दोन दोन तारा. दोन जावांना एका खाटेवर निजवावं तशी गत. एकीची सोय बघावी तर दुसरी रुसते. त्यातली तिसरी तार मोकळी छेडली तर शहाण्यासारखी बोले, पण वरच्या पडद्यांवर गेलं की किंचित चढे. किंचितच. सूर तपासायच्या यंत्राचा काटा तिथे दरवेळी उजवीकडे झुकून एका ठरावीक जागी थांबे, आणि यालाच खानदानी आवाज म्हणतात, असं चष्मेवाल्यांनी जाहीर करून टाकलं होतं. खानदानी म्हटलं की चुकीला विचारणारं कोणी उरत नाही.

दिवसा ते चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत. "आता बरं दिसतं, की मघाशी?" ही सवय घरापर्यंत आली होती. पेचकसाने ब्रिजचा स्क्रू इकडचा तिकडे करायचा आणि बायकोला विचारायचं, "आता बरं वाटतं, की मघाशी?" बायको शिवणयंत्रावरची मान वर न करता म्हणायची, "आता." तसं म्हटल्याशिवाय सुटका नाही, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती.

तीच त्यांच्या बँडची गायिका. दर शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या जेवणघरात हे तिघं कार्यक्रम करत. चष्मेवाले गिटारवर, बायकोचा धाकटा भाऊ ड्रमवर आणि ती मध्ये, निळा झगा घालून. लोक ताटातला घास विसरत ते तिच्यासाठी. पितळासाठी कोणी आल्याचं ऐकिवात नाही, पण हे चष्मेवाल्यांना सांगणार कोण?

एकदा मेहुण्याची जीभ घसरली. "भाऊजी, तुमची तिसरी तार माडीवर जाते हो, आणि आम्ही आपले खालीच."

झालं. खानदानी आवाज एका रात्रीत नालायक ठरला. चष्मेवाल्यांनी सहा टेक्यांचा नवा ब्रिज आणून बसवला आणि जुना, ज्याचे पोवाडे गाऊन पाहुण्यांचे कान किटवले होते, तो पितळ म्हणून भंगारवाल्याला देऊन मोकळे झाले. आता कुठलीही तार, कुठलाही पडदा, काटा कसा सरळ मधोमध! ते दिवसभर त्या काट्याकडे पोरगं पहिलं आल्यासारखे बघत होते.

आणि पहिल्याच तालमीत बायको बेसूर झाली. खालच्या ओळी ठीक, पण गाणं वर गेलं की तिचा आवाज गिटारला घासायला लागला. मेहुणा काठ्या थांबवून म्हणाला, "ताई, घसा बसलाय का गं?" चष्मेवाले मोठ्या मनाचे. त्यांनी मिठाच्या गुळण्या सांगितल्या, गार पाणी बंद केलं आणि तिला दोन दिवस बोलायचीही बंदी घातली. शनिवारी पुन्हा तेच. हॉटेलचा मॅनेजर अदबीने म्हणाला, "काही दिवस नुसती वाद्यंच ठेवू या का?"

"वय झालं माझं," ती घरी येऊन म्हणाली. "आता तुम्ही दोघंच वाजवा." निळा झगा तिने घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवला. शिवताना ती गुणगुणायची, तेही थांबलं. घरात नुसतं शिवणयंत्र खडखडायला लागलं. सूर विझेपर्यंत शांतता मागणाऱ्या माणसाला ही शांतता मात्र सोसेना.

शेवटी त्यांनी आपल्या धंद्याचा उपाय काढला. गिऱ्हाइकाला बसवावं तसं तिला खुर्चीत बसवलं, पुढ्यात सूर तपासायचं यंत्र ठेवलं आणि म्हणाले, "गा. नंबर काढू."

ती नाइलाजाने गायली. खालच्या ओळीला काटा मधोमध. वरच्या ओळीला तो उजवीकडे झुकला आणि एका जागी थांबला. ती जागा चष्मेवाल्यांच्या चांगली ओळखीची होती. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ही बाई इतकी वर्षं त्यावर नाचत आली होती.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"तिसरी तार चढी आहे ते."

"अहो, पहिल्या वर्षीच कळलं. मी सरळ गायले, की तुमची गिटार बेसूर वाटायची. चारचौघांत हसं झालेलं तुम्हाला सोसलं असतं होय? म्हटलं, आपणच जरा वर जाऊ."

"मग आता सरळ गा की!"

"बघितलं ना करून. गळा जातो तिथंच. सरळ कुठं होतं, ते आता सापडत नाही मला."

चष्मेवाल्यांना लाज वाटली. खरीखुरी, कान तापवणारी लाज, जिला खानदानी म्हणून सुटता येत नाही. जुना ब्रिज तर भंगारात गेलेला. त्यांनी यंत्र उचलून खणात टाकलं, पेचकस घेतला आणि नव्या, निर्दोष ब्रिजचा तिसरा टेका थोडा पुढे सरकवला.

"आता बरं वाटतं, की मघाशी?"

तिने यावेळी मान वर केली. वरची ओळ गाऊन बघितली. "मघाशी."

त्यांनी स्क्रू मागे घेतला. ती पुन्हा गायली. "नाही. अजून जरासं पुढं." चूक नेमकी जुळवायला त्यांना अख्खी दुपार लागली. एवढं लक्ष त्यांनी ती दुरुस्त करतानाही दिलं नव्हतं.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तेव्हा ती वरच्या ओळीवर थांबली नाही. पुढची ओळ घेतली, मग त्यापुढची. फ्रिज घरघरत होता. तार केव्हाच विझली होती आणि चष्मेवाले पेचकस हातात धरून तिचं गाणं ऐकत बसले होते.