खाली कर ना बावा

विनया तायडेनं सकाळपासून कॉम्प्युटर अकरा वेळा चालू केला होता. अकराही वेळा काळ्या पडद्यावर त्याच दोन इंग्रजी ओळी: डिस्क चालत नाही, बदला आणि कुठलीही कळ दाबा. तिनं एकूण एक कळ दाबून पाहिली. डिस्क म्हणजे आतलीच, आणि तीच गेली, असं तिनं धरून टाकलं.

आत हेमलताजींचा प्रबंध होता, विनयाकडे टायपिंगला आलेला. दोनशे चौदा पानं. जयपुरातल्या सोडाला भागातल्या ह्या बाई दोन लेकरं सांभाळून सहा वर्षं त्यावर घासत होत्या. उद्या अकरापर्यंत तो जमा झाला नाही तर नोंदणी रद्द. "आप चिंता मत करो," असं विनयानंच त्यांना छातीला हात लावून सांगितलेलं.

नवरा मनोहर रेल्वेत सिग्नलवर. बडनेऱ्याहून त्याची जयपूरला बदली झाली आणि विनयाचं मराठीतलं एम.ए. पेटीत गेलं. पण बाई बसणारी नव्हती. हिंदी शिकली, टायपिंग शिकली, प्राध्यापकांच्या ह्रस्वदीर्घाच्या चुका काढायला लागली. चहा उभ्यानं, जेवण अर्ध्यावर. दर्यापूरहून आठ दिवसांसाठी आलेले सासरे शामराव म्हणत, "पायाले चाकं हायत का वं तुया?"

दुपारी एकला मेकॅनिक पवन आला. त्यानं कॉम्प्युटरची पेटी उचलून शामरावांच्या पुढ्यातल्या टीपॉयवर ठेवली, उभ्या उभ्या पडदा पाहिला आणि म्हणाला, "विंडोज उड़ गई. फॉर्मॅट मारना पड़ेगा." त्याच्याकडे प्रत्येक दुखण्याला हेच औषध होतं: आतलं सगळं पुसून टाकायचं.

"रुकिए!" विनया म्हणाली. शेवटचं प्रकरण तरी तिनं काल फ्लॉपीवर उतरवलं होतं. ती शोधायला आत धावली. कपाट झालं, शिवणाची टोपली झाली, लेकीचं दप्तर उलटं केलं. फ्लॉपी नाही.

बाहेरून पवनचा आवाज आला. "बाबूजी, पूरा खाली करना पड़ेगा. कर दूँ?"

शामरावांनी पाहिलं. पेटी टीपॉयच्या कडेला, अर्धी बाहेर लोंबत होती. "खाली कर ना बावा! कायची वाट पायतं? पडन ते."

आत विनयानं ते ऐकलं. दर्यापुरात खाली म्हणजे भुईवर. इथं खाली म्हणजे रिकामं. ती धावत आली आणि तिनं भिंतीतला प्लग उपटला.

"अरे भाभीजी! अभी तो बस सीडी डाली थी!"

"मामाजी, काय बोलले तुम्ही त्याला?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"म्या काय बोललो? डबा भुईवर ठीव म्हटलं. चहा ठेवाले जागा नाई."

पवनला अर्थ कळला तसा तो भिंतीला टेकून हसायला लागला. "बाबूजी ने तो आज मरवा ही दिया था."

"हासतं काय बे? उचलता येत नाई त डबे खोलाले येतं!"

विनयाचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. पुसलं गेलं की राहिलं? पवन म्हणतो, अजून काही केलं नाही. पण ह्याचा भरवसा कुणी धरावा? ती पेटीपुढं उकिडवी बसली, आणि फ्लॉपीच्या फटीजवळचं बटण बाहेर आलेलं तिला दिसलं. दाबलं. कालची फ्लॉपी हातात आली.

पवननं कपाळावर हात मारला. "मशीन पहले इसी को पढ़ती है. इसमें चालू होने लायक कुछ है ही नहीं!"

पडदा सकाळपासून बदला म्हणत होता ती डिस्क हीच. प्लग लावला, सीडी काढली. बाराव्या खेपेला पडदा निळा झाला. विनयानं फाईल उघडून थेट दोनशे चौदावं पान काढलं. होतं. एकेक ओळ होती.

पवन जाईपर्यंत प्रिंटर कुरकुरायला लागला होता. पेटी होती तिथंच, टीपॉयच्या कडेला लोंबत. विनया तिला कुणाला हात लावू देईना. शेवटी शामरावच पुढं सरकले आणि दोन्ही हातांनी ती धरून बसले.

"म्या धरलं हाये. आता तरी बस वं बाई."

"शेवटचं पान निघू द्या, मामाजी."

"कितवं चालू हाये?"

"सातवं."


शामरावांनी मांडी बदलली आणि पकड घट्ट केली.