कोठीतली नक्कल

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या ऑफिसातली तोटी कोणीही बंद करत नसे. महापालिकेचे पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. ते आले की बेसिनमध्ये आवाज व्हावा आणि कोणीतरी ड्रम भरायला धावावे, म्हणून ती उघडीच ठेवलेली असे. क्रांती चौकामागच्या गल्लीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही सगळे एक कान नळाकडे ठेवून काम करायला शिकलो होतो.

बेसिनच्या पलीकडच्या लहान खोलीत सर्व्हर होता. ऑफिसातले संगणक माझ्याकडे होते आणि ती जागाही मीच निवडली होती. खोली उत्तरेकडची आणि फरशी थंड, म्हणून यंत्र मी सरळ फरशीवरच ठेवले. भिंतीपलीकडे नळ आहे हे मला ठाऊक होते. पण जिथे घोटभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे पाण्यापासून कशाचे रक्षण करायचे, असेच मला वाटले असावे.

आमचे मालक पत्र्याला आकार देणारे पोलादी साचे बनवत. शेतकरी घरातला हा माणूस हातात पेन्सिल घेऊन कारखानदार झाला होता. आम्ही त्यांना काका म्हणत असू. प्रत्येक साच्याचे रेखाचित्र त्यांनी स्वतः काढलेले होते. जुना साचा झिजून परत आला, की त्या चित्रावरूनच नवा घडवला जाई. चित्र नसेल तर काम नाही. त्या चित्रांनी कपाटे भरली होती. शेंद्र्याला नवा कारखाना उभा राहू लागला, तेव्हा ही कपाटे तिकडे नेऊ नयेत, चित्रे स्कॅन करून सर्व्हरवर ठेवावीत आणि कागद रद्दीत द्यावेत, असा आग्रह मी धरला.

"कागदाला वाळवी लागते, काका."

"अन् तुझ्या पेटीला?"

"तिची नक्कल असते."

"ती कुठं?"

"माझ्या घरी. दर शनिवारी नेतो."

"म्हंजी सूनबाईच्या ताब्यात," ते हसले. "मग हरकत नाय. तुझ्या ताब्यात असती तर इचार केला असता."

कागद रद्दीत गेले, पुढच्या नव्या चित्रांचेही. नक्कल खरोखरच पत्नीच्या ताब्यात होती. पडेगावला आमच्या घराभोवती रोज नवा पाया खणला जात होता आणि घरात धूळ मावत नव्हती. घट्ट झाकणाची वस्तू एकच, गव्हाची कोठी. पिशवीत गुंडाळलेली डिस्क मी त्यात खोचून ठेवत असे. "घरात माणसांना बसायला गादी नाही, आणि यांच्या डबीला गव्हाचं अंथरूण," असे पत्नी पाहुण्यांना सांगे. शनिवारी कॉपी पूर्ण झाल्याची ओळ पडद्यावर उमटली, की मला शांत झोप लागे. त्या डिस्कमधून एखादे तरी चित्र परत उघडून पाहावे, असे मला कधी वाटले नाही.

आणि एका रविवारी पाणी आले. ऑफिस बंद होते. बेसिनची जाळी चहाच्या चोथ्याने तुंबलेली होती. सोमवारी सकाळी जिन्याच्या पायऱ्या ओल्या दिसल्या, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कोणाचा ड्रम लवंडला असेल असे वाटून मला, खरे सांगायचे तर, हळहळ वाटली ती वाया गेलेल्या पाण्याची. खोलीचे दार उघडले. सर्व्हर पाण्यात उभा होता.

काका माझ्यामागे येऊन थांबले. त्यांनी आत पाहिले आणि एवढेच विचारले, "माझी चित्रं?"

"घरी आहेत, काका. आणतो."

पडेगावपर्यंतच्या वाटेवर मला चित्रे आठवायला हवी होती. त्याऐवजी मी वाक्ये जुळवत होतो: जाळी कोणी तुंबवली, तोटी कोणी उघडी ठेवली, इमारतीचा निचरा कसा सदोष आहे. वाटेतली लष्करी छावणी ओलांडेपर्यंत माझ्याकडे चांगला बचाव तयार झाला होता. तो मला कुठेच वापरावा लागला नाही, पण इतक्या सहज तो सुचला, याची लाज अजून गेलेली नाही.

कोठीतून डिस्क काढली आणि उलटी केली. तळच्या हिरव्या सर्किट-पट्टीवरचे जोडणीचे तांब्याचे ठिपके काळे पडले होते.

"गव्हात काय घातलंस?"

"किडीच्या गोळ्या," पत्नी म्हणाली. "सांगितलं होतं की तुम्हाला. तुमची डबी काढून घ्या म्हटलं, तर हो म्हणालात."

हो म्हटले असणार. ती बोलत असताना मी वर्तमानपत्र वाचत असणार. त्या गोळ्यांच्या वायूने तांबे खाल्ले होते.

ऑफिसात हिशेबाच्या टेबलावरच्या संगणकाला डिस्क जोडली. ती फिरली, अडखळली आणि थांबली. पुन्हा जोडली, पुन्हा तेच. काका खुर्ची ओढून शेजारी बसले होते. माझ्या कपाळावरचा घाम त्यांना दिसू नये म्हणून मी मान खाली घातली.

"काय झालं तिला?"

"ठिपके काळवंडलेत. पट्टी सोडवून घासावी लागेल. खोडरबर मिळेल का?"

"आता खोडायचं काय राह्यलं?" असे म्हणत त्यांनी आपल्या टेबलावरचा रबर आणून दिला. बारीक स्क्रू काढून मी एकेक ठिपका हलक्या हाताने घासला. "दमानं," काका म्हणाले. "पेन्सिल पुसतो तसं. कागद फाटता कामा नये."

या वेळी डिस्क थांबली नाही. फोल्डरांची नावे एकाखाली एक उमटली. पहिले चित्र उघडले: काकांचे तिरपे आकडे, कोपऱ्यातली त्यांची सही. त्यांनी मोठा श्वास सोडला. दुसरे उघडले, तिसरे उघडले. मग शेवटचे फोल्डर, शेंद्र्याच्या नव्या कामांचे. त्यातले एकही उघडेना.

कारण कळायला वेळ लागला नाही. सर्व्हरवरची जागा भरत आली, तेव्हा ती चित्रे मी त्याच पेटीतल्या दुसऱ्या डिस्कवर हलवली होती आणि मूळ ठिकाणी फक्त त्यांच्याकडे नेणाऱ्या खुणा ठेवल्या होत्या. शनिवारी नक्कल होत होती ती त्या खुणांची. दुसरी डिस्कही पाण्यात होती. ती पुढे दुरुस्तीवाल्यांकडेही बोलली नाही.

मी हे सगळे सांगितले. काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मग दर शनिवारी तू घरी काय नेत होतास रे?"

ते रागाने बोलले असते, तर मला सोपे गेले असते.

गेलेली चित्रे त्यांनी पुन्हा काढायला घेतली. ग्राहकांकडून साचे मागवून, मोजून काढली. काही साचे आलेच नाहीत, आणि ती कामे गेली. शेंद्र्याच्या कारखान्यात त्यांचे टेबल खिडकीशी लावले होते. चित्र पुरे झाले की मी ते स्कॅन करी, पण कागद ते माझ्याकडे सोडत नसत. नक्कल घ्यायची, दुसऱ्या यंत्रावर ती परत उघडायची, छापायची आणि त्यांच्यापुढे ठेवायची. मग ते दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडाला धरत. रेघेवर रेघ बसली की म्हणत, "आलं माघारी. ने आता."

एका शनिवारी त्यांनी कागद उजेडाला धरलेच नाहीत. पेन्सिलीचे टोक करता करता म्हणाले, "ठेव तिथं. असंल बरोबर."

दोन्ही कागद उचलून मी खिडकीशी गेलो आणि एकावर एक धरले.