सीटच्या कडेला भरलेली अक्षरं

माझा भाऊ गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. लोक त्याला मास्तर म्हणतात, मी दादा म्हणते. पूर्वी हे सांगताना माझी मान ताठ असायची. आता सांगायला नको वाटतं. तरी सांगते, कारण हे लपवून ठेवण्यासारखं राहिलेलं नाही.

आमचं दुकान म्हणजे एक गाडी कशीबशी आत मावेल एवढी जागा. एका भिंतीला दोन मशिनी, दुसरीकडे रेक्झिनचे रोल उभे केलेले. मापं घेणं आणि कापणं माझ्याकडे, शिवणं दादाकडे. मशीनवर बसला की शेजारी ढोल वाजला तरी याला पत्ता नसतो. जाड नायलॉनचा दोरा, कडेने दुहेरी टीप, आणि टीप संपली की दोन्ही हातांनी कापड ताणून बघायचं. एका गिऱ्हाइकाने एकदा विचारलं, "मास्तर, उसवणार नाही ना?" दादा मान वर न करता म्हणाला, "गाडी भंगारात जाईल तेव्हा कव्हर तेवढं काढून घरी न्या."

नव्या गाड्यांचा मात्र त्याला मनस्वी राग. "पट्टा नाही लावला की ओरडते, दार नीट नाही लागलं की ओरडते. ही गाडी आहे की सासू?" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. चालवणाऱ्याला दोन डोळे आणि एक ब्रेक असला की झालं, बाकी सगळी कंपन्यांची पैसे उकळायची नाटकं, हे त्याचं ठाम मत. मी नुसती मान डोलवत नव्हते. गिऱ्हाइकांना हेच मी सांगायचे, वर थोडा मसाला लावून.

सात-आठ वर्षांपूर्वी एक नवीन प्रकार दिसायला लागला. पुढच्या सीटच्या पाठीला, दाराकडच्या अंगाला, एक इवलीशी कापडी पट्टी आणि तिच्यावर इंग्रजीत 'एअरबॅग'. एअरबॅग स्टिअरिंगमध्ये असते हे दादाला माहीत होतं. सीटमध्ये ती कशाला असेल? गाडीत एअरबॅग आहे हे मिरवायला कंपनीने लावलेली खूण असणार, असं त्याने ठरवून टाकलं. गिऱ्हाइकं कुरकुरायची की कव्हर घातलं की ती खूण झाकली जाते आणि महागाची गाडी साधी दिसते. मग दादाने शक्कल लढवली. ती अक्षरं कागदावर उतरवून घेतली आणि कव्हरवर बरोबर त्याच जागी सोनेरी दोऱ्याने भरायला सुरुवात केली, भोवती दुहेरी टिपेचा चौकोन. लोक खूश. कंपनीपेक्षा आपलं छान दिसतं, असं मीच म्हणाले होते.

दादाची मुलगी म्हणजे घरातली बाईसाहेब. वहिनी गेल्यापासून घर तिच्याच हुकुमावर चालतं. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी, जायला-यायला तास-तास मोठ्या रस्त्याने. तिने दोन महिने चौकशी करून स्वतःची गाडी घेतली आणि घरी येऊन सांगितलं की हिला सहा एअरबॅग आहेत. दादा म्हणाला, "गाडी घेतलीस की उशांचं दुकान?" आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

भांडण झालं ते कव्हरवरून. ती म्हणाली, "बाबा, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, सीटला बाहेरचं कव्हर घालू नका." झालं, दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन दिवस घुम्यासारखा बसून होता, जेवताना मीठसुद्धा माझ्यामार्फत मागायचा. शेवटी मी तिला बाजूला घेतलं. "अगं, सगळ्या गावच्या गाड्यांना तुझ्या बापाची कव्हरं आणि तुझीच सीट उघडी? पुस्तक लिहिणाऱ्याला तुझ्या बापाएवढं कळतं का?" ती म्हणाली, "घाला. आत्या, तू म्हणतेस म्हणून."

दादाने त्या कव्हरला चार दिवस लावले. एवढं मन लावून त्याने दुसरं कुठलं शिवलेलं मी पाहिलं नाही.

कव्हर घातल्यावर पाचव्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, ती कामावर जात असताना चौकात एका माल वाहणाऱ्या टेम्पोने सिग्नल तोडला आणि तो थेट तिच्या दारावर आला. फोन दादाने घेतला आणि लगेच माझ्या हातात दिला. समोरचा माणूस काय बोलतोय तेच त्याला समजेना.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याला ओरखडासुद्धा नाही, पण एका अंगाच्या पाच बरगड्या मोडल्यात आणि त्यातली एक फुप्फुसात घुसलीय. श्वास मशीनवर चाललाय. दोन दिवस गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही. दादा त्यांना परत परत विचारत होता, "पण डोक्याला काही नाही ना?" जणू बाकीचं त्याने ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विम्याला गाडीतले कागद हवे होते, म्हणून आम्ही गाडी नेऊन ठेवली होती त्या वर्कशॉपमध्ये गेलो. फोरमन बोलका होता. आम्ही मुलीच्या घरचे एवढंच त्याला माहीत. दार पार आत चेपलेलं, आणि वर छताच्या कडेपासून एक पांढरी पिशवी लोंबत होती. "ही उघडली म्हणून डोकं वाचलं," तो म्हणाला. "ही नसती तर तुम्ही कागद न्यायला आला नसता." सहा उशांवर आम्ही पोट धरून हसलो होतो.

मग त्याने सीटच्या पाठीवर हात ठेवला. ती एका बाजूने सुजल्यासारखी फुगली होती. "हिच्यात दुसरी असते, छातीसाठी. सीटच्या कडेची कंपनीची शिवण मुद्दाम कच्ची ठेवतात. पिशवी ती फाडते आणि दार नि माणूस यांच्या मध्ये येते, पापणी लवायच्या आत. ही फुटली वेळेवर, पण बाहेर येणार कुठून? वर हे कव्हर. ती आतल्या आत फुगली आणि मागचा फोम फोडून गेली." सोनेरी अक्षरांवरून त्याने अंगठा फिरवला. "बघा ना, वर भरून लिहिलंय आणि खाली शिवून बंद केलंय. कुठल्या शहाण्याचं काम आहे हो हे? एक टाका हललेला नाही."

मी म्हणणारच होते की आम्हाला काय माहीत.

"माझं," दादा म्हणाला.

फोरमनने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन पाणी घेऊन आला. दादाने ते प्यायलं नाही. ग्लास हातात धरून तो त्या शिवणीकडे बघत उभा होता. मला त्याचा भयंकर राग आला. आणि मग आठवलं की तिला 'घाला' म्हणायला मी लावलं होतं. मी तिथेच एका टायरवर बसले.

सहाव्या दिवशी तिची श्वासाची नळी काढली. जीव वाचला होता, पण पुन्हा पहिल्यासारखं दम न लागता चालता येईल का, हे डॉक्टर सांगत नव्हते. भेटायची परवानगी मिळाली तेव्हा दादा बाहेर व्हरांड्यात पुटपुटत फेऱ्या मारत होता. तिला कसं सांगायचं त्याची तालीम चालली होती. आम्ही आत गेलो. त्याने तोंड उघडायच्या आधी तीच बोलली. आवाज असा की मला वाकून ऐकावं लागलं.

"बाबा, कव्हर फाटलं का?"

"नाही," दादा म्हणाला.

तिने डोळे मिटले. मी वाट बघत होते की आता ही रडेल, आम्हाला नाही नाही ते बोलेल. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती डोळे न उघडता म्हणाली, "मग बाकीच्यांचंही नाही फाटणार."

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. सहा दिवस आमच्या दोघांच्या डोक्यात फक्त हिची गाडी होती. सात-आठ वर्षं आम्ही ती अक्षरं भरत होतो. कुणाच्या गाड्या, कुठे राहणारे लोक, काही लिहून ठेवलेलं नाही. सीट कव्हरचं गिऱ्हाईक एकदा येतं, खूश होऊन जातं. त्याचा फोन नंबर घेऊन आम्ही काय करणार होतो?

तेव्हापासून दुकानाचं शटर निम्मंच उघडतं. दुकानावर आम्ही मोठी पाटी लावलीय, वर्तमानपत्रातही दिलं. दादा रोज सकाळी पेट्रोल पंपावर जाऊन उभा राहतो आणि काचेला नाक लावून गाड्यांच्या सीट बघतो. सोनेरी अक्षरं दिसली की हात जोडून दार उघडायला सांगतो, ब्लेडने स्वतःची शिवण कापतो आणि अख्खं कव्हर काढून टाकतो. कुणी ऐकून पांढरे पडतात आणि लगेच उतरतात. कुणी त्याला वेडा समजतात. परवा एका सद्गृहस्थाने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मागच्या सीटवर त्यांची म्हातारी आई, पुढे बायको. ते म्हणाले, "अहो, इतकं चांगलं कव्हर आहे, कशाला फाडता? एवढ्या वर्षांत आम्हाला साधा ओरखडा नाही गेला." आणि काच वर करून निघून गेले. दादा त्या गाडीमागे वळणापर्यंत धावला. तो बासष्ट वर्षांचा आहे.

तीन महिन्यांत एकतीस गाड्या सापडल्या. बाकीच्या रस्त्यावर आहेत.