सासूबाईंनी ओला केलेला दोरा

आमच्या शेजारच्या शिंप्याचा जिभेचा कॅन्सर रेडिएशनने बरा झाला, पण तोंडातली लाळ पार आटली. लाळेवाचून शिंप्याचं काय अडतं म्हणाल, तर अहो, जन्मभर त्यानं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करूनच सुई ओवलेली. पाण्यात बुडवला की दोरा विसकटायचा. दुकान बंद करायची पाळी आली.

बायको दिवसभर नोकरीवर. घरात उरली सासू, आणि तिनं तर आपल्या पोलक्याची बाही जावयानं आखूड शिवली म्हणून अकरा वर्षं त्याच्याशी अबोला धरलेला. पण इलाज नव्हता. त्यानं मान खाली घालून दोरा पुढे केला. तिनं तो ओठांत धरला, टोकदार करून दिला आणि अकरा वर्षांनी पहिलं वाक्य बोलली, "जावईबापू, शिवण अजून वाकडीच येते तुमची."

तेव्हापासून ती रोज मशीनशेजारी बसते, दोरे ओले करते आणि चुका काढते.

गेल्या आठवड्यात त्याच्या तोंडाला थोडी ओल आली. सासू आत गेलेली पाहून त्यानं दोरा स्वतःच ओला केला. सुई पहिल्याच झटक्यात ओवली गेली. खिडकीतून मी सगळं पाहत होतो. गडी खुशीत हसला, मग घाईघाईनं दोरा उपसून काढला आणि आत हाक मारली, "सासूबाई, येता का जरा? अडलंय माझं."