अंपायरांचा सिनेमा

बोईसरमध्ये मी जवळजवळ वर्षभर इंग्रजी सिनेमे लोकांना मराठीत सांगत होतो, आणि मला इंग्रजी येत नव्हतं. आज हे हसत सांगता येतं. तेव्हा कोणाला कळलं असतं तर नोकरी गेली असती.

माझं गाव परभणीच्याही पलीकडं. सातवीत इंग्रजीत नापास झालो आणि शाळा सुटली ती सुटलीच. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात काम मागायला गेलो, तेव्हा सुपरवायझर साहेबांनी विचारलं, "शिक्षण?" मी म्हणालो, "दहावी." "इंग्रजी?" मी म्हणालो, "येतं की." एवढ्याशा थापेवर मला शेजारच्या सालवड गावात खोली मिळाली, दोन वेळचं ताट मिळालं, निळा गणवेश मिळाला. रोज सकाळी गेटमधून आत शिरताना वाटायचं, आज कळणार.

बोईसरच्या बाजारामागं पत्र्याच्या शेडमध्ये एक व्हिडिओ सेंटर होतं. रविवारी दुपारी तिथं मारामारीची इंग्रजी कॅसेट लागायची. मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी पुढच्या एकुलत्या एका खुर्चीवर आमचेच साहेब. टीव्हीत कोणीतरी लांबलचक बोललं आणि साहेब मागं वळून मला म्हणाले, "तुला येतं ना इंग्रजी? काय म्हणतोय तो?"

आता नाही म्हणायची सोय नव्हती. "म्हणतोय, आपल्यातला एक जण फितूर आहे," मी म्हणालो. पाच मिनिटांत एक जण खरंच फितूर निघाला.

तेव्हापासून मला टीव्हीशेजारी स्टूल मिळालं. काम अवघड नव्हतं, कारण या कॅसेटी सगळ्या एका साच्यातल्या. काळ पुढचा असतो, पण त्या काळात कोणी घराला रंग दिलेला नसतो. बहुतेक माणसं आधीच मेलेली असतात. हिरो उकाड्यातसुद्धा लांब काळा कोट घालतो आणि फारसं बोलत नाही, हे तर माझ्यावर उपकारच. एका म्हाताऱ्याला सगळं ठाऊक असतं. तो ते सांगून होईपर्यंत मरत नाही आणि सांगून झालं की लगेच मरतो. पोरगी आधी हिरोला बडवते, मग त्याच्याच जखमेला पट्टी बांधते. लाल दिवा लागून आकडे उलटे पळू लागले की वायर कापायची असते, पण आकडा एकावर आल्याशिवाय कोणी कापत नाही. एवढं समजलं की भाषा कशाला लागते?

मग ती कॅसेट आली. पालघरहून कॅसेटी आणणाऱ्यानं सेंटरच्या मालकाला तोंडीच सांगितलं होतं की यात व्हॅम्पायर आहेत. मालकानं तो शब्द जन्मात ऐकला नव्हता. जो ऐकला होता तो त्यानं खडूनं पाटीवर लिहिला : "जगातले शेवटचे अंपायर. जबरदस्त फायटिंग."

टेनिस बॉलच्या सामन्यांचे दिवस होते. सकाळचा सामना संपवून दोन कंपन्यांच्या अख्ख्या टीम शेडमध्ये येऊन बसल्या. साहेब खुर्चीवर. आमच्या सामन्यांत अंपायर तेच असत, आणि त्यांनी दिलेल्या एका रनआउटवरून आठवडाभर कुरबूर चालू होती. खाली पहिल्या रांगेत समुद्रकाठच्या नवापूरची मावशी. ती सकाळी सालवडमध्ये मासळी विकायची आणि पाटी रिकामी झाली की इथं यायची. गावाकडं मी ताटात मासा पाहिलेला नव्हता. काटा कसा काढायचा हे मला तिनंच दारात बसून शिकवलेलं.

सिनेमा सुरू झाला. शहर काळंकुट्ट. लांब दातांची, पांढऱ्या कोटांतली फिकट माणसं जिवंत लोकांना काचेच्या नळकांड्यांत उभं करून पाइपांनी रक्त काढत होती. हे कसले अंपायर? पण पाटीवर तसं लिहिलेलं होतं, आणि इंग्रजी येणारा मीच.

"पुढच्या काळात जगावर अंपायरांचं राज्य आलेलं आहे," मी सांगितलं. "त्यांचा निर्णय शेवटचा."

"वो तो अभी भी है," मागून एक जण म्हणाला आणि शेड हसली. साहेबांची मान हलली नाही.

"पाइपलाइन में प्रेशर कम है," दुसरा म्हणाला. "व्हॉल्व्ह देख कोई."

"उजेडात का नाय येत रे ती?" मावशीनं विचारलं.

"आपल्याकडं उजेड कमी झाला की खेळ थांबतो ना मावशी, यांचा तेव्हा सुरू होतो."

हिरोनं लसणाची माळ पुढं धरताच ती माणसं मागं हटली. "आनि लसणीला का घाबरतात? आमच्या सुकटीच्या चटणीत लसूणच लसूण. आमच्या घरात एक यायचा नाय."

एवढ्यात हिरोनं टोकदार लाकूड एका फिकट माणसाच्या छातीत ठोकलं. मला तोंड उघडावंच लागलं नाही. अख्खी शेड एका आवाजात म्हणाली, "स्टंप." इतकं नीट जमून आलं की मला क्षणभर माझीच गोष्ट खरी वाटली.

मध्येच चित्र मुंग्यांनी भरलं. मालक व्हीसीआरचं हेड पुसायला बसला आणि साहेबांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, अंपायरांवरून बोलणार.

"स्टोअरचा माणूस काम सोडून गेला," ते म्हणाले. "ड्रमांवरची लेबलं सगळी इंग्रजीत. उद्यापासून तू बघ. लेबल वाचायचं आणि ड्रम प्लांटला द्यायचा. एक ड्रम चुकला तर अख्ख्या शिफ्टचा जीव जाईल. तुझ्यासारखा वाचता येणारा दुसरा नाही माझ्याकडं."

"हो साहेब," मी म्हणालो. त्या दिवसांत मला दुसरं काही म्हणताच येत नसे.

सिनेमा पुन्हा सुरू झाला आणि तो माणूस आलाच. प्रत्येक कॅसेटमध्ये असतो. हिरोचा दोस्त, ज्याला चावा बसलेला असतो आणि जो कोणाला सांगत नाही. त्यानं हळूच बाही खाली ओढली.

"बाहीत काय लपवलान त्यानं?" मावशी म्हणाली. "आता का गप तू?"

"चावलंय त्याला. सांगत नाही."

"का नाय सांगत?"

"सांगितलं तर हाकलतील ना त्याला."

"आनि नाय सांगला तं सगली मरतील. मेल्या, सांग की." ती टीव्हीतल्या माणसाशी बोलत होती.

मी स्टुलावरून उठलो. "साहेब, जरा बाहेर येता?"

बाहेर रणरणतं ऊन होतं. "मला इंग्रजी येत नाही," मी म्हणालो. "सातवी नापास आहे. दहावी खोटं होतं."

साहेबांनी डोळे बारीक केले. "मग वर्षभर सांगितलंस ते?"

"मनाचंच."

"म्हणजे ते अंपायर नव्हते?"

"ठाऊक नाही, साहेब."

"मग स्टंप?"

"तो मलाही स्टंपच वाटला."

आत स्फोट झाला, पत्रे थरथरले. साहेबांनी सावकाश एक बोट वर केलं. सामन्यांत आउट देताना ते अगदी तसंच करत. गावाकडची गाडी कुठून सुटते हे मी आठवू लागलो.

"एक," ते म्हणाले. "रोज एक लेबल. अक्षरांसकट पाठ करायचं. पाठ होईस्तोवर स्टोअरमध्ये पाय टाकायचा नाही." मग आत जायला वळले आणि थांबले. "आणि तो रनआउट होताच."

पावसाळा सरेपर्यंत साहेबांनी शिफ्ट सुटल्यावर मला एकेक लेबल शिकवलं, ड्रम आडवा पाडून परीक्षा घेतली, आणि मगच स्टोअरची किल्ली दिली. थापेचा उल्लेख पुन्हा कधी केला नाही.

त्या सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मावशी नेहमीसारखी पाटी घेऊन दारात आली. "काल अर्ध्यात उठलास. तो बाहीवाला मेला का रं?"

"तू नाही पाहिलंस?"

"पाच मिन्टांत लाइट गेली."

शेवट मीही पाहिला नव्हता. "जगला," मी म्हणालो. "त्यानं सांगून टाकलं."

"बरा झाला," ती म्हणाली, आणि पाटीवरचं फडकं बाजूला सारून माझ्यासाठी बोंबील निवडू लागली.